लेकीबरोबर जपान

(मंडळाच्या मासिक सभेत एका सभासद भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला जपानच्या प्रवासाविषयी बोलायला सांगितले, तेव्हा मी त्यांना विचारले की नेमके काय सांगू? त्या म्हणाल्या, "खर्च किती आला, खाल्लेत काय, आणि पोरीला घेऊन एकटी कशी फिरलीस, एवढे सांगितलेस तरी पुष्कळ झाले." पैकी खर्चाचा हिशेब मी वहीत लिहून आणला आहे. ती वही सभेनंतर ज्यांना हवी त्यांनी चाळावी. एवढेच सांगते की तेव्हा शंभर येनला आपले साधारण ५५ रुपये पडत होते, आणि त्या सबंध पैशात माझ्या हातात दोन बऱ्यापैकी पाटल्या आल्या असत्या. हे गणित मला आळीतल्या तिघीजणींनी आधीच करून दाखवले होते, म्हणून मला तोंडपाठ आहे.

आम्ही गेलो ती २०२४ च्या एप्रिलमध्ये. ह्यांना जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती, हे आपणां सर्वांना ठाऊकच आहे. लेक दहा वर्षांची. तिला लहानपणापासून आगगाड्यांचे वेड, आणि ह्यांनी तिला कबूल केले होते की चौथी झालीस की जपानला नेऊन त्या बंदुकीच्या गोळीसारख्या गाडीत बसवीन. चौथी झाली. कबूल करणारा नव्हता, पण कबुली तशीच राहिली होती. विम्याच्या पैशांतला एक हिस्सा मी त्यासाठी बाजूला काढला. सासूबाई समोरच बसल्या आहेत. त्यांनी मला तेव्हा अडवले नाही. फक्त एक गोष्ट बजावून सांगितली: "हिरोशिमाला पोरीला नेऊ नकोस. मेलेल्या माणसांचे तिने पुष्कळ पाहिले आहे." त्याचे काय झाले ते पुढे सांगते.

टोकियो शहराचे वर्णन मी करणार नाही. उंच इमारती आपण मुंबईत बघतो. लेकीने मात्र उतरल्या दिवशीच एक शोध लावला. तिथे रेल्वेचे पास म्हणजे पत्र्यासारखी पातळ कार्डे असतात, ती फाटकावर टेकवायची. मोठ्या माणसाचे कार्ड टेकवले की साधी टिटी वाजते, आणि लहान मुलाचे टेकवले की पाखराच्या पिलासारखा चिवचिवाट होतो. सहा ते अकरा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट, आणि ते अर्धे आहे हे नोकरांना कळावे म्हणून ही युक्ती. लेक पहिल्या दिवशी तीन वेळा विनाकारण आतबाहेर जायला निघाली होती. तिला आवरावे लागले, कारण दर खेपेला पैसे कापले जातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर एक दृश्य दिसले आणि मी थांबले. तिकडची शाळा एप्रिलमध्ये सुरू होते. सहा वर्षांची नवी कोरी पहिलीतली मुले, डोक्यावर पिवळ्या टोप्या, पाठीवर त्यांच्या अंगापेक्षा मोठी कातडी दप्तरे, आणि बरोबर कोणी नाही! आई नाही, रिक्षावाला नाही. चौकात येतात, हात वर करतात, रस्ता ओलांडतात आणि चालू लागतात. मैत्रिणींनो, दोन वर्षांत मी माझ्या लेकीचा हात रस्त्यावर कधी सोडला नव्हता. शाळेत मी सोडायची, मी आणायची. लेक त्या मुलांकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघत होते. ती काही बोलली नाही, पण तिने हळूच हात सोडवून घेतला आणि पाठीवरची पडशी सरळ केली.

आता ह्यात जादू नाही, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर आपण म्हणू की ते लोकच वेगळे. चौकाचौकांत म्हातारी माणसे हातात झेंडा घेऊन उभी असतात. कोणाची तरी आजी, कोणाचे आजोबा, रोज सकाळी आपण होऊन येतात. थोड्या थोड्या अंतरावर पोलिसांची खोपटेवजा चौकी असते. आणि काही घरांच्या, दुकानांच्या दारांवर एक पाटी चिकटवलेली असते. तिचा अर्थ असा की, मुलांनो, भीती वाटली तर ह्या घरात शिरा. न्हाव्याच्या दुकानावर मी ती पाटी पाहिली, एका शिंपिणीच्या दारावरही पाहिली. मूल एकटे चालते ते असे. त्याच्या मागे सगळी आळी न दिसता चालत असते. हे आपल्या आळीत करायचे म्हटले तर किती घरे पाटी लावतील, ह्याचा मी मनाशी हिशेब केला. आठ घरे निघाली. नावे सांगत नाही.

टोकियोत मला दोनच जागा बघायच्या होत्या. एक लेकीसाठी आणि एक माझ्यासाठी. लेकीसाठी उएनो बागेतले प्राणिसंग्रहालय. तिथे बघायला हत्ती कशाला, आपल्याकडे काय हत्ती नाहीत? पण त्याची गोष्ट आहे. १९४३ साली, लढाई ऐन भरात असताना, बॉम्ब पडून पिंजरे फुटले तर जनावरे गावात शिरतील अशा धास्तीने तिथले वाघ, अस्वले वगैरे मारून टाकण्याचा हुकूम निघाला. तीन हत्ती होते, त्यांना उपाशी ठेवून मारले. लढाई संपली, तोवर टोकियोच्या लहान मुलांनी हत्ती म्हणून कधी पाहिलाच नव्हता. त्यांनी पंडित नेहरूंना पत्रे लिहिली की आम्हांला एक हत्ती पाठवा. १९४९ मध्ये नेहरूंनी म्हैसूरची एक हत्तीण बोटीने पाठवली आणि तिला आपल्या मुलीचे नाव दिले, इंदिरा. ती हत्तीण १९८३ पर्यंत तिथे जगली. मी हे सांगितल्यावर लेकीने विचारले, "उपाशी ठेवले तेव्हा त्यांना खायला घालणाऱ्या माणसाचे काय झाले?" ह्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मुलांचे प्रश्न आपल्या माहितीच्या बरोबर एक पाऊल पुढे असतात.

माझ्यासाठी होती ती जागा म्हणजे मेजिरो भागातले जपानी महिला विद्यापीठ. तिथे प्रवासी जात नाहीत. बाहेरून फाटक बघून आलो, दुसरे काही केले नाही. लेक कंटाळून म्हणाली, "ह्यात काय बघायचे?" तेव्हा तिला तिथेच कठड्यावर बसवून सांगितले. नारुसे जिंझो नावाच्या गृहस्थांनी हे विद्यापीठ १९०१ साली काढले. त्याच्या माहितीचे एक पुस्तक पुढे आपल्या धोंडो केशव कर्व्यांच्या हाती पडले. अण्णासाहेब तोवर हिंगण्याला विधवांचा आश्रम आणि मुलींची शाळा चालवीतच होते. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा भाषणात त्यांनी ह्या जपानी विद्यापीठाचा दाखला दिला आणि असे विद्यापीठ आपल्याकडेही हवे, असे मांडले. १९१६ मध्ये ते काढूनही दाखवले. पुढे त्यालाच ठाकरसी कुटुंबाच्या देणगीमुळे नाथीबाईंचे नाव मिळाले. माझ्या आईची आजी हिंगण्यालाच शिकून शिक्षिका झाली होती. म्हणजे एका परक्या देशातल्या ह्या फाटकाचा आणि आमच्या घरात बाईमाणसाच्या हाती वही-पेन्सिल आली त्याचा धागा आहे, तो दूरचा असेल, पण आहे. लेकीने फाटकाचे चित्र वहीत काढून घेतले. चित्र ओळखू येत नाही, पण आहे.

मग ती गाडी. १ ऑक्टोबर १९६४ ला, टोकियोच्या ऑलिंपिक खेळांच्या तोंडावर, टोकियो ते ओसाका ही पहिली गाडी सुटली तेव्हा चार तास लागत. आता अडीच तासांच्या आत पोचते. वेग ताशी २८५ किलोमीटरपर्यंत. फलाटावर डब्याचे दार कुठे येणार तिथे खूण केलेली असते, आणि दार बरोबर तिथेच येते. लेकीला मी खिडकी दिली. उजव्या हाताला फूजीचा डोंगर दिसतो म्हणतात. त्या दिवशी ढग होते, फूजी दिसला नाही. गाडी सुटल्यावर लेक बराच वेळ गप्प होती. मला वाटले फूजीसाठी रुसली. मग म्हणाली, "बाबांनी सांगितले होते पेला हलत नाही म्हणून. खरेच हलत नाही." पुढच्या फळीवर तिने पाण्याचा पेला भरून ठेवला होता आणि इतका वेळ त्याच्याकडे बघत होती.

त्याच गाडीत आणखी एक मौज झाली. स्थानकांच्या पाट्यांवरची अक्षरे ती एका चिटोऱ्यावरून जुळवीत होती. एकदम ओरडली, "आई, ही आपलीच बाराखडी आहे!" आणि खरेच. त्यांची मुळाक्षरे अ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा ह्या क्रमाने लागतात, आणि प्रत्येकाखाली का, की, कु, के, को. बौद्ध भिक्षू संस्कृत लिपी शिकले, त्यांच्यामुळे हा क्रम तिकडे रुजला. शेजारी बसलेल्या एका जपानी आजीला लेकीने हा पाढा म्हणून दाखवला. आजीबाईंनी हातावर हात मारून दाद दिली आणि पडशीतून संत्र्याच्या दोन फोडी काढून दिल्या. भाषा नव्हती, पण काही अडले नाही.

खाण्याविषयी थोडक्यात. आम्ही मासे खातो, त्यामुळे पंचाईत झाली नाही. शाकाहारी भगिनींनी मात्र सावध असावे. नुसत्या भाजीच्या सारातही सुक्या माशाचा अर्क असतो आणि वाढणाऱ्याला त्यात मासा आहे असे वाटतच नाही. मठांमधून शुद्ध शाकाहारी जेवण मिळते, ते चविष्ट पण महाग. आमचा रोजचा आधार म्हणजे भाताचे त्रिकोणी गोळे, समुद्रातल्या शेवाळ्याच्या काळ्या पानात गुंडाळलेले, आत एखादे खारवलेले आंबट फळ. लोणच्याची फोड दहीभातात दडवावी तसे. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानांत ते मिळतात.

हे सांगायचे कारण असे की क्योतोच्या मुक्कामात तिसऱ्या दिवशी सकाळी लेक म्हणाली, "आज गोळे मी आणते. एकटी." दुकान समोरच्या गल्लीच्या तोंडाशी, आमच्या खिडकीतून दिसणारे. मी नाही म्हणणार होते. मग त्या पिवळ्या टोप्या आठवल्या. मी तिच्या मुठीत नोट दिली आणि चौथ्या मजल्यावरच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. ती रस्त्याच्या कडेला आली. हात वर केला. ओलांडला. दुकानात गेली. बाहेर येईपर्यंत नऊ मिनिटे लागली. नऊ मिनिटांत माणसाच्या मनात काय काय येते ते इथे बसलेल्या प्रत्येक आईला माहीत आहे, मी सांगत बसत नाही. परत आली ती चार गोळे, एक दूधबाटली आणि मोजून आणलेली मोड घेऊन. म्हणाली, "तू खिडकीत होतीस ना? मी मुद्दाम वर पाहिले नाही."

क्योतोत सोन्याचे मंदिर, हजारो लाल कमानींचे देऊळ, सारे पाहिले. ते चित्रांतून आपण पाहतोच. मला सांगायचे आहे ते सांजूसांगेंदो नावाच्या देवळाविषयी. सुमारे १२० मीटर लांब लाकडी दालन. आधीचे जळाले, ते १२६६ मध्ये पुन्हा बांधले. आत करुणेच्या देवतेच्या, ज्याला आपण अवलोकितेश्वर म्हणतो त्याच्या, एक हजार एक मूर्ती. मधली मोठी, बसलेली. बाकीच्या हजार पुरुषभर उंचीच्या, सोनेरी, रांगेने उभ्या. पुढे रक्षक म्हणून अठ्ठावीस देव आहेत, त्यांत आपल्याकडून गेलेले कितीतरी आहेत, नावे तेवढी बदललेली. तिथे असा समज आहे की ह्या हजार चेहऱ्यांत, आपल्याला ज्याला भेटावेसे वाटते त्याचा चेहरा सापडतो. आत फोटो काढू देत नाहीत, बोलतातही हळू. मी हे लेकीला सांगावे की न सांगावे असा विचार करीत होते, तेवढ्यात तिनेच तिथल्या माहितीपत्रकात ते वाचले.

ती एका टोकापासून सुरू झाली. मी मागून चालत होते. पाऊण तास गेला असेल. दुसऱ्या टोकाच्या अलीकडे ती थांबली आणि बोट न दाखवता, नुसती हनुवटी वर करून म्हणाली, "तो. वरून तिसऱ्या रांगेतला." मी पाहिले. मला तो इतरांसारखाच दिसला. पण मी "होय" म्हटले नाही आणि "नाही"ही म्हटले नाही. ती थोडा वेळ उभी राहिली, मग म्हणाली, "चल, भूक लागली." घरी आल्यावर हे तिने आजीला सांगितले, तेव्हा सासूबाईंनी एवढेच विचारले, "हसरा होता का ग?"

नाराला गेलो तो दिवस हलका गेला. क्योतोपासून पाऊण तास. गावात हजाराच्या वर हरणे मोकळी फिरतात. त्यांच्यासाठी खास बिस्किटे मिळतात, ती दाखवली की हरीण मान लववून नमस्कार करते. एकाने नमस्कार करून बिस्किटाबरोबर माझ्या पदराचे टोकही चघळले. तिथला बुद्ध पंचधातूंसारखा ओतलेला, पंधरा मीटर उंच. ७५२ साली त्याचे डोळे उघडण्याचा विधी झाला तो आपल्या देशातून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूच्या हातून. त्या काळी हा माणूस कुठून कुठे गेला! मंदिरातल्या एका खांबाच्या बुंध्याला आरपार भोक आहे, बुद्धाच्या नाकपुडीएवढे म्हणतात. त्यातून जो पलीकडे जाईल त्याला पुण्य. मुले सरपटत जातात, मोठी माणसे अडकतात. लेक सुळकन गेली आणि पलीकडून म्हणाली, "आई, तू नको प्रयत्न करूस." हा सल्ला मी मानला.

आता हिरोशिमा. सासूबाईंचे सांगणे माझ्या मनात होते आणि ते वावगे नव्हते. मी ठरवले की तिकीट तिथपर्यंत काढायचे, पण आत जायचे की नाही हे लेकीला विचारायचे. तिला सगळे आधी सांगितले. ६ ऑगस्ट १९४५, सकाळी सव्वाआठ. एका बॉम्बने, त्या वर्षअखेरपर्यंत अंदाजे एक लाख चाळीस हजार माणसे गेली. तिने विचारले, "का टाकला?" तेव्हा हेही सांगितले की ह्या देशाने त्याआधी चीनमध्ये, आग्नेय आशियात, आणि १९४२ पासून आपल्या अंदमानातही लोकांचे फार हाल केले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एकीने दुसरी पुसली जात नाही. थोडा वेळ विचार करून ती म्हणाली, "जाऊ या. पण मी हात दाबला की बाहेर." ठरले.

संग्रहालयात आकडे थोडे आणि वस्तू फार आहेत. सव्वाआठला थांबलेली घड्याळे आहेत. एक जेवणाचा डबा आहे, आतले अन्न जळून कोळसा झालेला. माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्गातल्या एका मुलाचा. आगीचे पट्टे मोकळे ठेवण्यासाठी घरे पाडायच्या कामाला शाळकरी मुलांना लावले होते, त्यांतला तो. त्याच्या आईने शोधून काढला तेव्हा डबा त्याच्या अंगाखाली होता. सकाळी तिने भरून दिलेला, न उघडलेला. भगिनींनो, आपण रोज डबे भरतो. मी तिथे किती वेळ उभी राहिले ते मला कळले नाही, लेकीनेच मला पुढे नेले.

पुढे एक गंजलेली तीनचाकी आहे. चार वर्षेही पूर्ण न झालेला एक मुलगा अंगणात ती चालवीत होता. त्या रात्रीच तो गेला. एवढ्याशा पोराला दूर कुठे एकटे ठेवायचे म्हणून वडिलांनी त्याला परसातच पुरले, तीनचाकीसह. चाळीस वर्षांनी, १९८५ मध्ये, त्यांनी अस्थी काढून घराण्याच्या थडग्यात ठेवल्या आणि तीनचाकी संग्रहालयाला दिली. इथे लेकीने माझा हात दाबला. आम्ही बाहेर आलो.

बाहेर नदी आहे, काठावर तो घुमटाचा सांगाडा. नदीकाठच्या बाकावर बसलो. ती रडली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "बाबांचे घड्याळ तू कपाटात ठेवले आहेस. ते बंद पडले असेल." मी म्हटले, असेल. "ते चालू करून घेऊ या. मी मोठी झाल्यावर घालीन, तोवर तू घाल." दोन वर्षांत तिने ह्यांच्या वस्तूंचे नाव काढले नव्हते. मीही काढले नव्हते. त्या बाकावर आम्ही पहिल्यांदा ह्यांच्याबद्दल बोललो, इस्पितळातल्या शेवटच्या आठवड्याबद्दल सुद्धा. तिला काय काय ठाऊक होते ते मला तेव्हा कळले. हे घड्याळ आता माझ्या मनगटावर आहे, पट्टा लहान करून घेतला.

त्या गावाची दुसरी एक गोष्ट आपल्या मंडळाने ऐकावी अशी. लढाईत पुरुष माणसे कमी पडली म्हणून हिरोशिमाच्या ट्राम कंपनीने १९४३ मध्ये मुलींची एक शाळा काढली होती. अर्धा वेळ शिकायचे, अर्धा वेळ ट्रामवर काम. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली ट्राम हाकीत असत. बॉम्ब पडला त्यात त्यांतल्या कितीतरी गेल्या. पण ९ ऑगस्टला, तिसऱ्याच दिवशी, जळक्या गावातून एका छोट्या टप्प्यावर ट्राम पुन्हा सुरू झाली, तेव्हा वाचलेल्या मुली कामावर होत्या. लढाई संपली, पुरुष परतले आणि ती शाळा बंद झाली. ह्या शेवटच्या वाक्यावर आपल्याला कोणाला नवल वाटणार नाही. आम्ही त्याच मार्गावरच्या ट्रामने स्थानकावर परतलो. लेक हाकणाऱ्याच्या मागे उभी राहून त्याचे हात बघत होती.

उद्यानात सादाको सासाकी ह्या मुलीचे स्मारक आहे. बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची, वरवर धडधाकट राहिली. १९५५ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने इस्पितळात पडली. हजार कागदी क्रौंच पक्षी केले की इच्छा पुरी होते असा तिकडे समज. ती औषधांच्या पुड्यांच्या कागदांचे पक्षी करीत राहिली. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला गेली. तिच्या वर्गातल्या मुलांनी वर्गणी गोळा करायला सुरुवात केली आणि ५ मे १९५८ ला, तिकडच्या बालदिनी, हे स्मारक उभे राहिले. जगभरची मुले तिथे दरवर्षी सुमारे एक कोटी कागदी पक्षी पाठवतात. लेकीने गाडीत एक करायला शिकून तिथे ठेवला. एक पंख मोठा झाला होता.

२०२४ च्या ऑक्टोबरात, म्हणजे आम्ही परतल्यावर सहा महिन्यांनी, बॉम्बमधून वाचलेल्या माणसांच्या तिथल्या संघटनेला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती बातमी लेकीने वर्तमानपत्रातून आजीला मोठ्याने वाचून दाखवली. सासूबाईंनी सबंध ऐकली आणि तीनचाकीची गोष्ट तिला पुन्हा सांगायला लावली.

एकटी कशी फिरलीस, ह्या चिटणीसबाईंच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले. एकटी नव्हते. नकाशा लेकीच्या हातात असे, गाड्या ती शोधी, आणि अनोळखी माणसाला वाट विचारायला पुढे तीच जाई. परतल्यावर जूनपासून ती शाळेत चालत जाते, कोपऱ्यावरच्या दोघी मैत्रिणींबरोबर. पहिले पंधरा दिवस मी गॅलरीत उभी असे. ती वर बघत नसे.

शेवटी एक सूचना, चिटणीसबाईंच्या परवानगीने. येत्या शनिवारी दुपारी चार वाजता लेक इथेच ज्यांना हवे त्यांना कागदी पक्षी शिकवणार आहे. मुलांनाही आणावे. हजार करायचे म्हणतात, चाळीस-चाळीस एका दोऱ्यात ओवले की पंचवीस माळा होतात. जुन्या दिनदर्शिकांचे कागद चालतील, मात्र चौरस कापून आणावेत, वीतभर लांब आणि तेवढेच रुंद. डिंक लागत नाही.